घरून उत्तर यायचंय

सुनेचं पत्र आलं तेव्हा थंडी सरत आली होती, आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. पत्र टेबलावर चष्म्याच्या डबीखाली ठेवलं. रोज डबी उचलली की ते दिसायचं, आणि चष्मा लावला की मी दुसरंच काहीतरी वाचायला घ्यायचो. उन्हाळा आला तरी ते तिथेच होतं.

हल्ली हाताने पत्र कोण लिहितं? फोन आहे की. पण फोनवर मी कसा असतो ते तिला ठाऊक आहे. 'हं', 'बरं', 'जेवलीस का' आणि 'ठेवतो'. यापुढे माझी गाडी जात नाही. समोरासमोर तर विचारूच नका. म्हणून बिचारीने कागद पाठपोट भरून पाठवला होता आणि शेवटी लिहिलं होतं, 'बाबा, घाई नाही. पण हो किंवा नाही, एवढं तरी कळवा.'

तिने काय विचारलं होतं ते सांगायचं तर आधी मुलाबद्दल सांगायला हवं. ते मला नीट जमेल असं वाटत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. तो तीन वर्षांपूर्वी गेला. भाड्याची जागा होती. लहानशी न्हाणी, भिंतीवर गॅसचा गीझर, आणि गारठा म्हणून खिडकी घट्ट लावलेली. त्या जळण्यातून जो वायू साठतो त्याला वास नसतो की रंग नसतो. सून मुलीला शाळेत सोडायला गेली होती. ती परत आली तेव्हा आतून पाण्याचा आवाज येत होता, म्हणून तिने चहा टाकला.

आणि आता माझा धंदा. मी जन्मभर माहितीपत्रकांची भाषांतरं केली. मिक्सर, इस्त्री, शिलाईयंत्र, पंखा. नवी वस्तू घेतली की खोक्यातून एक पातळ कागद निघतो, जो लोक न वाचता कपाटाच्या फळीवर अंथरतात, तो मी लिहायचो. खाली नाव नसायचं. असतं तर मी ते काम घेतलंच नसतं. घराघरांत माझं लेखन होतं आणि एकाही घरात मला कोणी ओळखत नव्हतं. याहून सुखाची नोकरी माझ्यासारख्याला कुठे मिळणार होती?

मुलाची जागा रिकामी करताना मी तो गीझर पाहिला. मागच्या खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत त्याचं माहितीपत्रक लटकत होतं. पिशवी फोडलेलीही नव्हती. मी ती फोडली आणि दुसऱ्या पानावर माझंच वाक्य निघालं. 'उपकरण वापरतेवेळी कक्षात पुरेशा वायुवीजनाची खातरजमा करावी.' कधीतरी खूप पूर्वी केलेलं काम. मी तिथेच खोक्यावर बसलो. सून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने विचारलं, काय झालं? मी तिला सांगितलं. आयुष्यात मी आपण होऊन कोणाला काही सांगितलं असेल तर ते तेवढंच.

पिशवीच फोडलेली नव्हती, तेव्हा आत काय लिहिलं होतं याने काही फरक पडत नव्हता. हे मला कळतं. तरी 'खिडकी उघडी ठेवा, नाहीतर जीव जाईल' असं लिहिता आलं असतं, हेही कळतं. असं कोणी लिहीत नसे. या दोन गोष्टींमध्ये मी तीन वर्षं येरझारा घालतो आहे. तिने हे कोणाला सांगितलं नाही. सांगू नकोस असं मी म्हटलं नव्हतं, पण तिला ते कळलं होतं.

पुढे ती मुलीला घेऊन दुसऱ्या गावी गेली आणि एका कारखान्यात लागली. तिथे पांढऱ्या डब्या बनवतात. भिंतीवर लावायची डबी, तो विषारी वायू जमू लागला की किंचाळते. सून तपासणीच्या खोलीत आहे. काचेच्या बंद पेटीत डब्या मांडायच्या, आत वायू सोडायचा आणि कोणती डबी किती वेळाने ओरडते ते बघायचं. उशिरा ओरडली की बाद. दिवसभर कानठळ्या बसतात, पण तिला ते काम आवडतं. त्या खोलीत कोणी फिरकत नाही, आणि साहेबाला तिथल्या माणसांची तोंडंही नीट माहीत नव्हती.

मग कंपनीने सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवून, स्वतःला कसं दाखवावं हे शिकवलं. नुसतं काम करून भागत नाही, काम करताना दिसावं लागतं. प्रत्येकाने आपला पर्सनल ब्रँड तयार करायचा. ब्रँड म्हणजे माझ्या लेखी साबणाचा किंवा चहाचा, पण आता तो माणसांचाही असतो म्हणे. माझी आई म्हणायची, बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. तेच शिकवायला या लोकांनी बाहेरून माणसं बोलावली होती. गोल करून बसवलं आणि एकेकाला विचारलं, तुम्ही इथेच का काम करता? गोदामातल्या एकाने 'पगार मिळतो म्हणून' असं सांगितलं, तेव्हा सगळे हसले. सुनेची पाळी आली तेव्हा तिला खोटं सुचलं नाही. नवरा कसा गेला ते तिने सांगितलं, आणि बोलण्याच्या ओघात माहितीपत्रकाचंही सांगून गेली.

प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या बाईंनी डोळे पुसले आणि चहाच्या वेळी येऊन तिचा हात धरला. हीच तुमची ओळख, म्हणाल्या. आधी छोटी फिल्म करायची, मग गावोगावच्या सभांतून तिने ही गोष्ट सांगायची. बापाने इशारा लिहिला, मुलाने तो वाचला नाही, आणि आता सून इशारा देणारी डबी तपासते. त्याच सुमाराला कंपनीच्या दोन गावांतल्या तपासणी-खोल्या एक करायचं ठरत होतं. निम्मी माणसं जाणार होती, आणि जी दिसतात ती राहणार, हे कोणी उघड म्हटलं नाही तरी सगळ्यांना समजलं होतं. माहितीपत्रकाचं सोडून बाकीचं सांगितलं तर चालेल का, असं सुनेने त्या बाईंना विचारलं होतं. बाईंनी अगदी मायेने उत्तर दिलं, "नवरा गेलेल्या बायका पुष्कळ असतात हो."

हे सगळं पत्रात होतं. तिला माझी परवानगी हवी होती.

मी मूग गिळून बसलो. हो लिहायला घेतलं की डोळ्यांसमोर अनोळखी माणसांनी भरलेला हॉल यायचा आणि ती सगळी माझ्याकडे वळून बघायची. दुकानात सुटे पैसे मागायलाही मी दोनदा मनात वाक्य जुळवतो. नाही लिहायला घेतलं की नातीची शाळा दिसायची. दगडाखाली हात सापडल्यासारखं झालं होतं.

सुट्टी लागल्यावर सून नातीला घेऊन चार दिवस आली. नातीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही. सुनेने पत्राचा विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. ते टेबलावर तसंच होतं. आल्या दिवशी तिने टेबल पुसताना डबी उचलली, पत्र उचललं, खालची धूळ पुसली आणि दोन्ही होतं तसं परत ठेवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात गळका नळ दुरुस्त करत होती. तिला असली कामं येतात. मी पाना धरून उभा होतो, म्हणजे मदत करत होतो असं म्हणायला हरकत नाही. भिंगरी दारात लोंबकळत होती. ती म्हणाली, "आजोबा, आई रोज आरशाशी बोलते."

"चेष्टा पुरे," सून ओट्याखालून म्हणाली.

"खरंच. पप्पांचं सांगते. 'खिडकी' म्हणायच्या आधी मनात तीन मोजायचे असतात. मोजले नाहीत तर परत पहिल्यापासून. मला पाठ आहे, म्हणून दाखवू?"

मी तिला गच्चीवरचे कपडे काढून आणायला पाठवलं. ती धावत गेली. सून ओट्याखालून बाहेर आली नाही. मला तिची पाठ तेवढी दिसत होती, आणि मला वाटतं, तोंड दिसत नव्हतं म्हणूनच ती बोलली.

प्रसिद्धीच्या त्या बाईंनी तिला शिकवायला एक मास्तर लावून दिला होता, परवानगी आली की वेळ जायला नको म्हणून. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, कुठे समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. सुरुवातीला सांगताना रडू यायचं. मग येईनासं झालं. मग मास्तर म्हणाला, इथे थोडं आलं तर बरं, आणि तिला ते आणता येऊ लागलं.

"आता मी त्याला आठवायला गेले ना बाबा, की तेच आठवतं. ते सांगणं. त्याच्या आवाजाच्या जागी माझाच आवाज येतो. परवा भिंगरीने विचारलं, पप्पा चिडले की काय करायचे? मला आठवेना. इतका चिडका होता मेला, आणि मला आठवेना."

मेला हा शब्द तिच्या तोंडून सहज गेला, लाडाने जातो तसा. मग दोघांनाही तो ऐकू आला. मी पान्याकडे बघत राहिलो.

थोड्या वेळाने मी विचारलं, मग इतके महिने ऑफिसात काय सांगितलंस? ती किंचित हसली. विचारलं की सांगायची, घरून उत्तर यायचंय. सासरे जुन्या वळणाचे आहेत, पत्रानेच कळवतील. लोक हसायचे, टपालखात्यावर विनोद करायचे, पण थांबायचे. तुम्ही गप्प बसलात म्हणून मी वाचले, असं ती म्हणाली. आता मात्र महिनाअखेरीची मुदत घातली होती. लेखी हवं होतं.

मी म्हटलं, "नाही लिहून देतो. म्हातारा ऐकत नाही म्हणून सांग."

"देऊ शकता. कोणी काही म्हणणार नाही. पण मग माझी जागा जाईल."

"आणि हो लिहिलं तर?"

तिने नळ सोडून बघितला. गळत नव्हता. ती उठून उभी राहिली आणि हात पदराला पुसत म्हणाली, "हो लिहिलंत तर मी राहीन, बाबा. तो जाईल."

तेवढ्यात भिंगरी कपड्यांचा ढीग घेऊन आली, त्यातला निम्मा जिन्यात सांडून. सून तो गोळा करायला गेली.

चौथ्या दिवशी मी दोघींना बसमध्ये बसवून दिलं, भिंगरीला खिडकी मिळवून दिली, पाण्याची बाटली भरून आणली. बस हलली तेव्हा सुनेने काचेतून माझ्याकडे बघून मान हलवली, जसं काही मी काहीतरी म्हटलं होतं आणि तिला ते पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायला बसलो. मायन्यालाच अडलो. पूर्वी चि. सौ. लिहायचो. हाताला ती सवय अजून आहे आणि 'सौ' लिहून झाल्यावर मला कळलं. कागद बदलला. दुसऱ्यावर नाही लिहिलं, नीट, सभ्य भाषेत, आणि वाचून बघितलं तर ते अगदी माझ्या माहितीपत्रकासारखं झालं होतं. तोही फाडला. मग कितीतरी वेळ नुसता बसलो. मुलाचा राग आठवत होतो. तो चिडला की बोलायचा बंद व्हायचा आणि घरातली घड्याळं दुरुस्त करायला घ्यायचा. धड असलेलीसुद्धा. मग ती बिघडायची आणि त्यावरून आणखी चिडायचा. तिला हे माहीत असणारच. ते तिच्याकडून निसटलं होतं.

ते आधी लिहिलं. घड्याळांचं. तो चिडल्यावर कसा दिसायचा, कान कसे लाल व्हायचे, हे सगळं. भिंगरीला सांग म्हणून लिहिलं. मग पुढे लिहिलं ते जसंच्या तसं देतो, कारण यापेक्षा बरं मला लिहिता येत नाही.

'तुझ्या ऑफिसला कळव की माझी परवानगी आहे, पण सांगणार मी. वाक्य माझं, मुलगा माझा, तेव्हा गोष्ट सांगायचा हक्क माझा, असं म्हातारा हटून बसलाय म्हणावं. सून सांगणार असेल तर नाही, असं मी लेखी देतो. फिल्म काढायची असेल तर माझी काढा. सभेला न्यायचं असेल तर मला न्या. तू मला घेऊन जा, शेजारी बस, तू तपासणीच्या खोलीत काय करतेस ते लोकांना सांग, आणि त्याच्याबद्दल एक अक्षर बोलू नकोस. त्यांना हे पुरेल की नाही ठाऊक नाही. माझी त-त-प-प होईल. घाम फुटेल. होऊ दे. सांगून सांगून माणूस झिजतो, हे तू मला दाखवलंस. झिजायचाच असेल तर तो माझ्या तोंडी झिजू दे. मला त्याला आठवून आठवून किती दिवस काढायचे आहेत? तुला पुष्कळ काढायचे आहेत, आणि भिंगरी विचारत राहणार.'

खाली सही केली. माझी सही मला नेहमीच दुसऱ्या कोणाची तरी वाटते.

पाकीट चिकटवून निघालो. टपालपेटी कोपऱ्यावर, औषधाच्या दुकानापाशी आहे. वाटेत दोनदा थांबलो. एकदा वाटलं, घड्याळांचं तेवढं ठेवावं आणि बाकीचं काढावं. मग वाटलं, ते लोक हसतील, म्हणतील आम्हाला म्हातारा नकोय, आणि तिची जागा जायची ती जाईलच, वर हसू होईल ते वेगळं. मग त्या हॉलचा विचार आला, खुर्च्यांचा, मागच्या रांगेपर्यंत वळलेल्या तोंडांचा. औषधाच्या दुकानातल्या पोराने विचारलं, काका, काही हवंय का? मी नाही म्हटलं.

पेटीच्या तोंडाशी हात तसाच राहिला होता. मागे एक बाई पत्र घेऊन उभी होती. तिला ताटकळत ठेवणं बरं दिसेना, म्हणून मी पाकीट सोडलं.