किटली बोलत नाही

मित्रांनो, एक गोष्ट आधीच मिटवून टाकते, म्हणजे पुढे कटकट नको. मी बोलत नाही. आज तुमच्याशी बोलतेय, कारण आत्मवृत्त म्हटलं की दगडधोंड्यांनाही तोंड फुटतं, तशी पद्धतच आहे. एरवी मी एक जुनी, ॲल्युमिनियमची, शिट्टीवाली किटली आहे. पाणी उकळायचं आणि उकळलं की शिट्टी वाजवायची, एवढंच मला येतं. तरीसुद्धा इंग्लंडातल्या साउथ शील्ड्समधल्या एका घरात मी बोलते असा बोभाटा झाला आणि त्यापायी मला जिन्याखालच्या कपाटात दिवस काढावे लागले. इतकी वर्षं इमानानं चहाचं पाणी तापवल्याचं हे फळ!

माझा जन्म बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला ठोकलं, दाबलं, घासलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. एडना नावाच्या मुलीच्या लग्नात तिच्या आत्यानं मला आहेरात दिलं. एडना बंदराजवळच्या विटांच्या चिंचोळ्या घरात नांदायला आली आणि मीही तिच्या शेगडीवर चढले. त्या घरात माझ्यावाचून पान हलत नसे. पाहुणा आला, ठेव किटली. बाळ झालं, ठेव किटली. गोदी बंद पडून नवऱ्याची नोकरी गेली, तेव्हा एडनानं आधी मला शेगडीवर ठेवलं आणि मग ती रडली. मला फार मान होता, मित्रांनो. मी सुंदर आहे असं कुणी म्हणालं नाही, पण मी जागेवर नसले की घर खोळंबायचं.

एडनाला दोन मुलं. मोठी लोरेन, धाकटा ग्लेन. एडना वरच्या मजल्यावर असो की परसात, माझी शिट्टी वाजली रे वाजली की तिची आरोळी यायची, "ग्लेन, ती किटली उतरव! बहिरा झालास का?" ग्लेन हातात कापड घेऊन माझ्याशेजारी उभा असला तरी यायची. त्या घरातलं ते रोजचं घड्याळच होतं.

ग्लेन विशीत असताना त्याला कुणी दिसत नसताना आवाज ऐकू येऊ लागले. डॉक्टरांनी मनाच्या त्या आजाराला सायकोसिस म्हटलं. तो इस्पितळात राहिला, गोळ्या सुरू झाल्या. गल्लीतली माणसं त्याला पाहून रस्ता ओलांडू लागली. जणू आवाज म्हणजे खोकलाच, जवळून गेलं की लागणारा! एडनानं मात्र त्याला घरी आणलं आणि सांगितलं, "आवाज असू दे नाहीतर नसू दे, चहा तर पिशील?" तो आईजवळच राहिला, डेपोत बसगाड्या धुऊ लागला. आवाज भिंतीपलीकडच्या कुजबुजीइतका उरला. वर्षानुवर्षं आमचं बरं चाललं होतं.

मग एडनाला छातीचं दुखणं जडलं. ती वरच्या खोलीत पडून असे. एका सकाळी ग्लेननं मला शेगडीवर ठेवलं, पाणी उकळलं, मी शिट्टी वाजवली. वरून आरोळी आली नाही. ग्लेन कापड घेऊन तसाच उभा राहिला. मी बोंबलत होते आणि तो छताकडे बघत वाट पाहत होता. पाणी आटत आलं, माझं बूड तापलं, तेव्हा कुठे त्यानं गॅस बंद केला आणि तो वर गेला. एडना गेली होती.

तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले. माझ्या पोटातलं पाणी सूं सूं करू लागलं की ग्लेनला त्यात एका पुरुषाचा आवाज ऐकू यायचा. "शिट्टी वाजली, आई गेली. पुन्हा वाजली की लोरेन जाणार." आता मला सांगा, मला एक तोंड, एक झाकण आणि एक मूठ. यातून पुरुषाचा आवाज कुठून निघणार? पण खापर फोडायला डोकं लागतं, तशी मी सापडले. मी आईची म्हणून त्याला मला टाकवेना, आणि मी लोरेनचा जीव घेईन म्हणून वापरवेनाही. त्यानं मला चंदेरी कागदात गुंडाळलं, वर टॉवेल बांधला आणि जिन्याखालच्या कपाटात व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे कोंबलं.

लोरेन दर रविवारी यायची. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी बाई, रिकाम्या हातानं येणं तिला ठाऊक नाही. हॅम, वाटाण्याची उसळीसारखी घट्ट चटणी, जाड पाव, सगळं पिशवीतून घेऊन यायची. आणि ग्लेन तिला संत्र्याचं गार सरबत द्यायचा. ऑक्टोबरच्या गारठ्यात! आमच्याकडे घरच्या माणसाला चहा न विचारणं म्हणजे त्याला दार दाखवणं.

"आईची किटली कुठंय?" लोरेननं विचारलं.

"कपाटात. ती बोलते."

"अरे शहाण्या, किटली कधी बोलते का?"

"तुला ऐकू येत नाही, म्हणून तू तसं म्हणतेस."

"मला ऐकू येत नाही, कारण ती बोलत नाही!"

"बघ, म्हणजे माझ्याशीच बोलते."

लोरेन माझ्या बाजूनं भांडत होती, पण तिच्या प्रत्येक वाक्यानिशी ग्लेनची खात्री वाढत होती. मी आत कागदात गुदमरत म्हणत होते, बाई, तू गप्प बस, माझी वकिली करू नकोस. पण माझं कोण ऐकणार? मी बोलत नाही ना.

मग लोरेननं शहाणपणावर कळस चढवला. तिनं विजेवर चालणारी नवी किटली आणली. प्लास्टिकची पांढरीफटक बया! ना शिट्टी, ना काही, पाणी उकळलं की टक करून बंद. लोरेनला वाटलं प्रश्न मिटला. आठवड्याच्या आत ग्लेनला त्या बयेच्या पोटातूनही तोच आवाज ऐकू आला. "त्यांनी किटलीच्या जागी बदली माणूस पाठवला," तो म्हणाला आणि त्यानं तिची वायर कात्रीनं कापली.

त्यानंतर त्यानं लोरेनला घरात घेणंच बंद केलं. ती दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून बोलायची.

"आई गेल्याचा राग माझ्यावर काढतोयस ना? मी त्या दिवशी इथं नव्हते म्हणून?"

ग्लेन आतून नुसता "नाही" म्हणायचा. खरं कारण सांगितलं तर ते घडेल, अशी त्याला भीती. ती बाहेर पावसात, हा आत, दोघंही रडवेले आणि मधे एक दार! मी कपाटात चरफडत होते.

"ग्लेन, मीसुद्धा माणूस आहे रे," एका रविवारी ती म्हणाली. "नाताळापर्यंत बघते. तोवर दार उघडलं नाहीस तर मी पुन्हा येणार नाही."

अशा वेळी मोराग आली. ग्लेनच्या गोळ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या नर्सनं तिला पाठवलं होतं. स्कॉटलंडची, पिशवी फाटकी, बूट कायम ओले. माणसाचे विचार आणि वागणं तपासून बघायला मदत करणारे उपचार ती करायची. गोळ्या त्याच्या जोडीला चालूच होत्या. ती गार सरबत विनातक्रार प्यायली. मी कपाटात कान टवकारून बसले. शिकलेली बाई आहे, मला वाटलं, आता पाच मिनिटांत माझी सुटका करेल.

"तुम्हीही म्हणणार ना, की किटली बोलत नाही?" ग्लेननं विचारलं.

"मला अजून काहीच माहीत नाही," मोराग म्हणाली. "काय म्हणते ती, ते सांगा ना."

माहीत नाही? मित्रांनो, मी कपाळावर हात मारला असता, पण मला हात नाही. साधी किटली मी, त्यात माहीत नसायला काय आहे? पुढच्या आठवड्यातही तेच. आवाज कसा आहे, मोठा की बारीक, कधी येतो, आल्यावर तुम्ही काय करता. ती वाद घालत नव्हती की मानही डोलवत नव्हती. तिनं रिकामा मग त्याच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "हा मग म्हणजे तुमची खात्री. शिट्टी वाजली की लोरेन जाणार, याची खात्री किती भरलीय?" ग्लेन म्हणाला, "काठोकाठ." ती म्हणाली, "बरं." बरं! माझी बदनामी काठोकाठ भरलीय आणि ही म्हणते बरं.

मग एकदा तिनं विचारलं, "किटली कपाटात गेल्यापासून आवाज थांबला?"

ग्लेननं तो मग हातात फिरवला. "नाही. अंघोळ करताना येतो. बसचं इंजिन चालू असलं की येतो."

"आणि ती नवी किटली?"

"तिच्यातूनही आला होता."

"मग या सगळ्यांत सारखं काय आहे?"

"घरघर," तो हळूच म्हणाला. "सगळ्यांत घरघर आहे."

मी कपाटात टुणकन उडीच मारायची बाकी होते. सुटले, सुटले! पण ग्लेन पुढे म्हणाला, "म्हणजे तो सगळीकडेच शिरलाय!"

"असेलही," मोराग शांतपणे म्हणाली. "किंवा?"

त्या एका 'किंवा'वर ती उठून गेली आणि आमचा सगळा आठवडा त्यात गेला.

पुढच्या खेपेला ग्लेननंच सुरुवात केली. घरघरीत आपलंच मन तर शब्द भरत नसेल, असं त्याला वाटू लागलं होतं. मोरागनं सांगितलं की दुःखात, झोप उडालेली असताना पुष्कळांना असं होतं, ज्यांना आजार नाही त्यांनाही. मग तिनं विचारलं की शिट्टीची भीती कधीपासून. त्यानं ती सकाळ सांगितली. कापड, छत, आटलेलं पाणी, सगळं.

"तुम्ही कशाची वाट बघत होतात?" तिनं विचारलं.

"तिच्या ओरडण्याची," ग्लेन म्हणाला आणि हमसून हमसून रडला. तेव्हा मात्र माझी चिडचिड थांबली. इतके दिवस मी माझ्याच अब्रूचं घेऊन बसले होते.

शेवटी मला कपाटातून बाहेर काढलं. ग्लेननं कागद सोडवला, मला धुतलं, पुसलं. आधी नुसतं पाणी गरम केलं. मग एकदा मोराग स्वयंपाकघरात बसली आणि मी शिट्टी वाजवली. मोराग मेली नाही. मला वाटलं, झालं! पण ग्लेन म्हणतो कसा, "तुमचं नाव त्यानं घेतलंच नव्हतं." काय म्हणावं याला! पण खरं बोलत होता. खात्रीचा तो मग अजून अर्ध्याच्या वर भरलेला होता. ज्याची भीती तेच करून बघायला हवं होतं, आणि ते त्यानंच ठरवायला हवं होतं.

नाताळच्या आधीच्या रविवारी लोरेन आली. ग्लेननं दार उघडलं.

"आत ये," तो म्हणाला. "पण आधी ऐक. किटलीची शिट्टी वाजली तर तू मरशील असं मला वाटतं. म्हणून घेत नव्हतो आत. आज वाजवणार आहे. नको वाटत असेल तर जा."

लोरेन पिशवी धरून उंबऱ्यातच उभी राहिली. "म्हणून?" ती म्हणाली. "अरे गाढवा, मला वाटत होतं मी नकोशी झालेय तुला!"

तिघं स्वयंपाकघरात बसली. ग्लेनच्या सांगण्यावरून आलेली मोराग कोपऱ्यातल्या स्टुलावर, गप्प. मी शेगडीवर. पाणी सूं सूं करू लागलं. ग्लेनचा चेहरा पांढरा पडला, म्हणजे तो आवाज आला होता. त्याचा हात गॅसकडे गेला. त्यानं हात मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. मी आयुष्यात कधी शिट्टीला घाबरले नव्हते, त्या दिवशी घाबरले. पण पाणी उकळलं, आणि उकळलं की मला दुसरं काही येत नाही.

मी वाजले. ग्लेन लोरेनकडे टक लावून बघत होता. लोरेन मोरागकडे बघत होती. मी वाजतच होते. खिडकीची काच वाफेनं भरली. कुणी हलेना. शेवटी लोरेनची सहनशक्ती संपली आणि ती कडाडली,

"ग्लेन, ती किटली उतरव! बहिरा झालास का?"

तेच शब्द, तीच पट्टी. तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. बोलल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला. ग्लेन उठला, त्यानं कापड घेतलं आणि मला उतरवलं. मग ओट्याला टेकून तो रडत होता की हसत होता, ते मला सांगता येणार नाही.

"आवाज?" थोड्या वेळानं मोरागनं विचारलं.

"आहे," ग्लेन नाक पुसत म्हणाला. "म्हणतोय, आज वाचली, पुढच्या वेळी नाही."

"मग?"

"मग पुढच्या वेळीही वाजवू."

त्यानं चहा केला. सवय गेल्यामुळे डांबरासारखा काळा झाला. लोरेन एक शब्द न बोलता प्यायली आणि तिनं अजून मागितला.

मित्रांनो, तुमच्या ओळखीचं कुणी म्हणालं की किटली बोलते, तर त्याच्याशी भांडू नका. हसू तर अजिबात नका. हो ला हो करू नका, आणि नवी किटली तर कृपा करून आणू नका. जवळ बसा आणि विचारा, काय म्हणते ती? त्याला मदत करणाऱ्या माणसापर्यंत न्या. आणि मधूनमधून मला आतून घासत जा, हेही या निमित्तानं सांगून ठेवते.

आवाज अजून येतो. कधी महिनाभर गप्प असतो, कधी सकाळीच सुरू होतो. परवा मी शेगडीवर होते, आत सूं सूं चाललं होतं, लोरेन टेबलाशी पाव कापत होती. ग्लेन जरा थांबला, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "हो हो, ऐकलं. आता लोरेनच्या चहात दूध किती घालू, तेवढं सांग."

उत्तर आलं नाही. ते त्या आवाजाला माहीत नव्हतं. मला माहीत आहे, पण मी बोलत नाही.