अठरा टेराबाइट, अगदी स्वस्तात

मावशीला एक हार्ड डिस्क हवी होती. तिच्या शब्दांत सांगायचं तर "मोठी, साधी आणि उद्या." या तीन शब्दांतला पहिला तेवढा मी ऐकला.

मावशी फिजिओथेरपिस्ट आहे. स्टेशनरीच्या एका दुकानावर तिच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत बाकं आणि वजनकाटा, आतल्या खोलीत जमिनीवर रंगवलेला सहा मीटर लांबीचा पांढरा पट्टा, त्यावर दर अर्ध्या मीटरला एक आडवी रेघ. पेशंट पहिल्यांदा आला की मावशी त्याला या पट्ट्यावरून चालायला लावते आणि त्याचं चित्रीकरण करते. कॅमेरा सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं घेतो, त्यामुळे पाऊल नेमकं कुठे अडतं ते संथ गतीने पाहता येतं. त्यामुळेच दोन मिनिटांचं चालणं तीन गिगाबाइट जागा खातं. कॉम्प्युटर भरला की जुने व्हिडिओ कायम जोडलेल्या एका एक्स्टर्नल डिस्कवर ढकलायचे, अशी तिची पद्धत. अकरा वर्षांतली माणसं त्या एका डिस्कवर चालत होती आणि दुसरी प्रत कुठेही नव्हती. अलीकडे ती डिस्क मधूनच टक्‌टक्‌ असा आवाज करायची.

भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी पुढच्या प्रवेशाच्या निकालाची वाट बघत होते आणि तोवर मावशीकडे कॉम्प्युटरचं काम करत होते. पगार बेताचा, मान भरपूर. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती माझी ओळख "आमची संशोधक" अशी करून द्यायची. आधी ती कौतुकाने म्हणायची.

डिस्क कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होती. चार टेराबाइटची, काचेच्या कपाटात, रास्त किमतीत. पण रास्त किमतीत वस्तू घ्यायला पदवी लागत नाही. मी एक तक्ता केला. अकरा डिस्क, सात विक्रेते, दिवसातून तीन नोंदी. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की नुसती किंमत बघणं अडाणीपणाचं आहे, दर टेराबाइटमागची किंमत बघायला हवी. आणि डिस्क जितकी मोठी तितका हा दर उतरत जातो. म्हणून मी चारवरून आठवर गेले. आठवरून बारावर. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी माझ्या आलेखाचं टोक अठरावर जाऊन टेकलं होतं. मावशीच्या सगळ्या व्हिडिओंची बेरीज दोन पूर्णांक चार होती.

घरी बाबा रोज जेवताना विचारायचे, "काय भाव आज? कोवळ्या आल्यात का?" आई म्हणाली की एवढा अभ्यास परीक्षेच्या वेळी केला असता तर निकालाची वाट बघायची वेळ आली नसती. मी दोघांनाही प्रमाण विचलन म्हणजे काय ते समजावून सांगितलं. बाबांनी आणखी एक पोळी मागितली.

तिसऱ्या आठवड्यात मला सौदा सापडला. व्हिडिओ संकलनाचा स्टुडिओ चालवणारा एक माणूस धंदा बंद करत होता आणि त्याच्याकडे अठरा टेराबाइटची एक डिस्क होती, खोकं न फोडलेली. बाजारभावाच्या निम्म्याहून कमी. मी तिथे गेले. अर्धा स्टुडिओ रिकामा झाला होता, भिंतीवर पडद्यांच्या चौकोनी खुणा राहिल्या होत्या. मी खोक्याची चिकटपट्टी नखाने तपासली, क्रमांक कंपनीच्या यादीशी पडताळला, आणि वर किंमत आणखी थोडी उतरवली. तो माणूस समजूतदार होता. पैसे घेताना त्याने विचारलं, किती माल भरायचाय? मी आकडा सांगितला. त्याने एकदा खोक्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी आणायला आत गेला.

परत येताना बसमध्ये मी हिशेब केला. मावशीच्या सध्याच्या वेगाने ही डिस्क भरेल तेव्हा मावशी एकशे तेवीस वर्षांची असेल. मला हे डिस्कच्या बाजूने जाणारं विधान वाटलं.

मावशीने किंमत ऐकून माझी पाठ थोपटली. तीन आठवड्यांची बोलणी त्या एका थापेत माफ झाली. मग ती म्हणाली, "आता भर सगळं तिच्यावर."

इथे मी माझ्या शिक्षणाला जागले. न तपासलेल्या उपकरणावर मूळ माहिती ठेवायची नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. डिस्कची चाचणी घ्यायची म्हणजे ती ठरावीक आकड्यांनी काठोकाठ भरायची आणि मग एकेक आकडा परत वाचून तोच आहे ना ते पाहायचं. खोक्यावरच्या वेगाप्रमाणे दोन-अडीच दिवसांचं काम. शनिवारी सकाळी मी चाचणी सुरू केली. तासाभराने पडद्यावर उरलेला वेळ आला. बारा दिवस.

कारण सोपं होतं. मावशीचा कॉम्प्युटर जुना होता, डिस्कची तार जिथे लावायची ती यूएसबीची खोबण जुनी होती, आणि ती डिस्कच्या वेगाच्या पाचव्या हिश्श्यानेच चालत होती. हे मी खोबणीच्या रंगावरूनही ओळखायला हवं होतं; वेगवान खोबण निळी असते, ही काळी होती. खरं म्हणजे तिथेच थांबून घरून लॅपटॉप आणायचा. पण एक तास तर झालाच होता, आणि अर्धवट सोडलेली चाचणी ही चाचणी नव्हेच. दुसऱ्या दिवशी एक दिवस झालाच होता. असं करत माझ्याजवळ सोडवेनासं भांडवल रोज वाढत गेलं. कॉम्प्युटर बंद करायचा नाही, अशी चिठ्ठी मी पडद्यावर लावली. दर संध्याकाळी सगळं बंद करून जाणारी मावशी त्या चिठ्ठीसमोर दोन क्षण उभी राहायची, मग नुसते दिवे मालवून निघायची.

दहाव्या दिवशी, सोमवारी, पोस्टमनकाका आले.

पोस्टमनकाका दहा महिन्यांपूर्वी टपाल वाटताना सायकलवरून पडले होते. मांडीचं हाड जुळलं, पण गुडघ्याजवळची एक नस दुखावली आणि उजवं पाऊल उचललं जाईना. बोटं जमिनीला घासायची, म्हणून ते सगळा पाय कमरेतून बाहेर फेकून चालायचे. सात महिने ते आठवड्यातून दोनदा जिना चढून येत होते. मावशीच्या मते सुधारणा चांगली होती. त्यांच्या मते काहीच नव्हती. आपलं चालणं आपल्याला रोज दिसतं, त्यामुळे फरक दिसत नाही, असं मावशी म्हणते.

त्या दिवशी त्यांच्या खिशात एक फॉर्म होता. ऑफिसने त्यांना टेबलावरचं काम देऊ केलं होतं, शिक्के मारायचं, कायमचं. येत्या सोमवारपर्यंत सही करून द्यायची. एकदा सही केली की वाटपावर परत घेत नाहीत. त्यांनी एकतीस वर्षं एकाच भागात टपाल वाटलं होतं. कुठल्या घराची कडी आतून सैल आहे आणि कुठला कुत्रा नुसताच भुंकतो हे त्यांना पाठ होतं. शिक्के मारायला त्यांना आवडणार नव्हतं, हे ते म्हणाले नाहीत. ते इतकंच म्हणाले की आता ही ये-जा नको, फुकट तुमचाही वेळ जातो.

मावशीने त्यांच्याकडून शुक्रवारचं वचन घेतलं. शुक्रवारी या, मी तुम्हाला पहिल्या दिवशीचे तुम्ही दाखवते, मग काय ती सही करा. ते गेल्यावर ती माझ्याकडे वळली.

"तेवढा एक व्हिडिओ आत्ता काढून ठेव."

मी तिला सांगितलं की चाचणी शहात्तर टक्के झाली आहे, मध्येच नव्या डिस्कवर काही लिहिलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. गुरुवारी चाचणी संपते, शुक्रवारी सकाळी पहिला व्हिडिओ हाच. मावशी पोस्टमनकाकांना एक-एक अंश पाऊल उचलायला लावू शकते, पण टक्केवारीपुढे ती गप्प बसते. ती बाहेर वजनकाटा पुसायला गेली.

बुधवारी दुपारी जुनी डिस्क टक्‌टक्‌ करायची थांबली. सुरुवातीला मला बरं वाटलं. मग पडद्यावरून तिचं नाव गेलं.

मी तार काढून परत लावली, दुसरी तार लावली, डिस्क हातात धरून कानाशी नेली. मग कारण माझ्या लक्षात आलं. ही डिस्क अकरा वर्षं दिवसातून सात-आठ तास फिरत आली होती. संध्याकाळी मावशी कॉम्प्युटर बंद करायची तेव्हा तिलाही विश्रांती मिळायची. माझ्या चिठ्ठीमुळे ती जवळजवळ अकरा दिवस, अकरा रात्री सलग फिरली. मी एक अत्यंत काटेकोर चाचणी घेतली होती, फक्त चुकीच्या डिस्कची.

डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्या कारागिराने ती उलटसुलट करून पाहिली आणि सहा आठवडे लागतील, बरंचसं मिळेल, कदाचित मिळणार नाही, असं सांगितलं. त्याने जी रक्कम मागितली तीत अठरा टेराबाइटच्या तीन डिस्क आल्या असत्या, बाजारभावाने. मी हो म्हटलं. घासाघीस केली नाही.

घरी मी सगळं सांगितलं. बाबांनी या वेळी चेष्टा केली नाही, नुसतं विचारलं, "तीन गिगाबाइट ना? मग तुझ्या मोबाइलवर का नाही घेतलास?"

माझ्या मोबाइलवर त्या क्षणी चाळीस गिगाबाइट जागा मोकळी होती. हा प्रश्न मला दहा-बारा दिवसांत एकदाही पडला नव्हता.

गुरुवारी चाचणी संपली. त्रुटी शून्य. मी ती ओळ मावशीला दाखवली नाही.

मावशी रागावली नाही, त्याने जास्त लागलं. तिने एवढंच ठरवलं की पोस्टमनकाकांना तिने सांगायचं नाही, मी सांगायचं. शुक्रवारी ते आले, पट्ट्याशेजारच्या स्टुलावर बसले, आणि मी उभी राहून सांगितलं. चाचणी, खोबण, चिठ्ठी, सगळं. ते मन लावून ऐकत होते. टपालवाल्या माणसाला हरवलेल्या गोष्टीची तक्रार ऐकून घ्यायची सवय असावी.

"म्हणजे पुरावा गेला," ते म्हणाले, आणि त्यांनी फॉर्म उलगडून गुडघ्यावर ठेवला.

मावशी म्हणाली की पुरावा गेला तरी ती स्वतः साक्षीला आहे, फरक पडलाय.

"तुम्ही म्हणणारच, मॅडम. तुमचं कामच आहे ते." त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं.

मी पेन दिलं. मावशीने मात्र चपला काढल्या आणि पट्ट्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. "बघा," ती म्हणाली, आणि चालू लागली.

मावशी बावन्न वर्षांची, आटोपशीर बांध्याची बाई आहे. दोन पावलांत ती दिसेनाशी झाली आणि पट्ट्यावर पोस्टमनकाका चालू लागले. उजवी कंबर वर उचललेली, पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवलेला, बोटांचा जमिनीवर खर्र आवाज, डावा खांदा पडलेला, आणि दर पावलाला उजवा हात हवेत काहीतरी शोधत असलेला. सहा मीटर ती तशीच गेली. अकरा वर्षांच्या ज्या डिस्कला मी साठवण समजत होते तिच्याहून मोठी साठवण मावशीकडे होती, आणि मी तिला टक्केवारी ऐकवत होते.

पोस्टमनकाका खवळले. "असा नव्हतो मी चालत."

"असेच चालत होतात, भाऊ."

"हात कुठे एवढा हलायचा? नाटक करताय तुम्ही. थांबा, मी दाखवतो कसा होतो." फॉर्म आणि पेन त्यांनी स्टुलावर ठेवलं आणि ते पट्ट्यावर आले.

पहिलं पाऊल त्यांनी बरोबर घासलं. दुसऱ्याला घासायला गेले आणि बूट वर उचलला गेला. ते थांबले. मागे जाऊन परत सुरुवात केली, या वेळी कंबर जोरात फेकून. कंबर गेली, पण पाऊल तिच्या आधीच उचलून पुढे टेकलं होतं. तिसऱ्यांदा ते मुद्दाम हळू चालले, दातओठ खाऊन, आपल्या बुटाकडे बघत. बोटं वर येत होती. थोडीशी, अंगठ्याच्या जाडीइतकी, पण दर वेळी.

मावशी पट्ट्यावरून बाजूला सरकली. मीही सरकले, एकही आकडा न सांगता, आणि माझ्या बाबतीत ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

ते पट्ट्याच्या मधोमध उभे राहिले. "जमत नाहीये," ते म्हणाले. "तेव्हाचं जमत नाहीये मला."

मग त्यांनी स्टुलावरचा फॉर्म उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. माझं पेन मला परत दिलं. सोमवारी साहेबांना आणखी तीन महिने मागून बघतो म्हणाले, टेबल काय पळून जात नाही. मावशीने मान डोलावली आणि खिडकीकडे तोंड करून चपला घालायला बराच वेळ घेतला.

दाराशी पोहोचल्यावर ते वळले. "आत्ता चाललो ते घेतलंस ना गं त्यात? त्या तुझ्या अठरावालीत?"

मी कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्याचं झाकणसुद्धा काढलेलं नव्हतं. मी नाही म्हणाले.

मावशीने कपाळाला हात लावला. पोस्टमनकाका पहिल्यांदाच हसले.

"मग पुढच्या शुक्रवारी परत चालावं लागणार," ते म्हणाले, आणि कठडा न धरता पहिली पायरी उतरले. दुसरीला मात्र धरला.