चंडोलाच्या घरट्यापासून बारा पावलांवर

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. पण कुत्रं हाकलायची नव्हे आणि म्हातारपणी टेकायचीही नव्हे. मी जमीन मोजायची काठी आहे. सहा फूट उंची, अंगावर एका आड एक लाल-पांढरे पट्टे, पायात अणकुचीदार लोखंडी टोक. हे आधीच सांगून ठेवते, कारण आजकाल कोणीही येतं आणि मला बांबू म्हणतं. त्याचा मला भारी राग येतो.

माझ्यासारख्या चाळीस जणी एकाच कारखान्यात, एकाच दिवशी तयार झाल्या. लाकूड तासलं, घासलं, मग रंगाऱ्याने फुटाफुटावर पट्टे ओढले. पट्टा केसभर सरकला तरी मुकादम ती काठी बाजूला फेकून द्यायचा. माझा एकही पट्टा सरकला नव्हता. तेव्हापासून माझं नाक जरा वरच असतं.

माझा मालक मोजणीदार होता. भलताच काटेकोर माणूस. चहात साखर घालतानासुद्धा चमचा डोळ्यांसमोर धरून सपाट भरलाय का ते बघायचा. तो दुर्बिणीच्या तिवईमागे एक डोळा मिटून उभा राहायचा आणि हाताने खुणा करायचा. जरा डावीकडे, अजून जरा, बस्स! त्या 'बस्स'ने माझी छाती फुगायची. "खूण बिंदूवर पाहिजे, बिंदूच्या शेजारी नको," असं तो नव्या माणसांना रोज बजावायचा. आम्ही दोघांनी मिळून रस्ते आखले, कालवा आखला, एका शाळेच्या भिंतीही आखल्या. एक रेष कधी चुकली नाही.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. एकदा गवताळ माळावर मला उपटलं, तेव्हा माझ्या टोकाला पिवळा बलक लागला होता. कुठल्यातरी पक्ष्याचं अंडं टोकाखाली आलं होतं. मोजणीदाराने टोक रुमालाने पुसलं आणि तो पुढच्या बिंदूकडे निघाला. घाई होती. मीही त्या वेळी काही मनाला लावून घेतलं नाही.

मग नवीन यंत्रं आली आणि माझी गरज संपली. ज्या महिन्यात मला भंगारात काढलं, त्याच महिन्यात मोजणीदारही निवृत्त झाला. तो मला कचेरीतून मागून घेऊन घरी आला. मला वाटलं, आता दिवाणखान्यात मान मिळेल. कसलं काय! त्याच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, मला अंगणात कपड्यांच्या दोरीखाली टेकू म्हणून उभं केलं. रस्ते आखणारी मी, आणि डोक्यावर ओली चादर! दोन वर्षं मी निमूटपणे ते सोसलं. माझे पट्टे उडायला लागले होते.

डॉक्टरांनी मोजणीदाराला रोज चालायला सांगितलं, तेव्हा तो गावाबाहेरच्या कुरणाच्या कडेने फिरायला जाऊ लागला. कुरण एका दूध डेअरीचं होतं. पूर्वी तिथे चंडोल पक्ष्यांच्या कितीतरी जोड्या होत्या म्हणे. आता अख्ख्या कुरणात एकच जोडी उरली होती. चंडोल झाडावर घरटं करत नाही. जमिनीवरच, गवताच्या बुंध्याशी, मुठीएवढ्या खळग्यात अंडी घालतो. अंडी मातीच्याच रंगाची, वर तपकिरी ठिपके. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत.

मोजणीदार तीन दिवस सकाळी बांधावर बसून राहिला आणि मादी कुठे उतरते ते बघत राहिला. चौथ्या दिवशी त्याला घरटं सापडलं. घरी येऊन त्याने ते सांगितलं, तेव्हा काकू अंगणात माझ्या दोरीवर कपडेच वाळत घालत होत्या.

"इतकी वर्षं घरातलं डबड्यातलं मीठ संपलेलं तुम्हाला दिसलं नाही," काकू म्हणाल्या, "आणि गवतातलं अंडं बरं दिसलं!"

"गंमत नाही करत मी," मोजणीदार म्हणाला. "महिन्याभरात कापणीचं यंत्र येईल. चारही अंड्यांचा चेंदामेंदा होईल. मी एकदा एक अंडं चिरडलंय आणि रुमालाने पुसून टाकलंय. आता निदान ही तरी वाचली पाहिजेत."

मग काकूंनीच दोरी सोडवून मला त्याच्या हातात दिलं.

मला पुन्हा काम मिळालं! मोजणीदाराने मला थेट घरट्याला लागून रोवलं, वीतभर अंतरावर. खूण बिंदूवर. मी ताठ उभी राहिले. कुरण कापायला डेअरीचा ट्रॅक्टरवाला यायचा. अंगाने अगदी काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. मोजणीदाराने त्याला माझ्यापाशी आणून बजावलं, "काठी दिसली की चारी बाजूंनी पाच पावलं सोडायची."

"काका, काठीला नुसता धक्का लागला तरी माझं नाव बदला," पैलवान म्हणाला.

पण कापणीची वेळच आली नाही. मोजणीदार रोज सकाळी अंडी बघायला यायचा आणि रोज एकाच सरळ रेषेत यायचा. आठवड्यात गवतात पायवाट पडली. सातव्या दिवशी एक कावळा आला. आजूबाजूला नुसतं गवत, झाड नाही की खांब नाही. त्याला बसायला जागा मिळाली ती माझ्या डोक्यावर. तो बसला, मान तिरकी करून खाली बघितलं आणि उतरला. दोन फेऱ्यांत चारही अंडी संपली. चंडोल मादी त्याच्याभोवती ओरडत फडफडत होती. मी काय करणार? मी काठी. उभी होते.

मोजणीदार आला तेव्हा खळग्यात टरफलाचे दोन तुकडे होते आणि माझ्या अंगावर कावळ्याची शिट. त्याच्या मागोमाग काकू आल्या होत्या.

"अहो, तुम्ही तर त्याच्यासाठी पाटीच लावून ठेवलीत की," त्या म्हणाल्या. वाईट बोलायचं म्हणून नाही बोलल्या, पण जे होतं ते बोलून गेल्या. मोजणीदाराने मला उपटलं आणि घरी नेलं. दोन दिवस तो नावापुरताच जेवला.

पुढच्या मोसमात ती एकुलती एक जोडी परत आली. या वेळी मोजणीदाराने कानाला खडा लावला होता. त्याने घरट्याजवळ जायचंच सोडलं. मला बांधावर टेकवून लांबून, दुर्बिणीतून बघायचा. आणि बघता बघता त्याच्या लक्षात आलं की मादी घरट्यावर कधीच थेट उतरत नाही. ती लांब कुठेतरी उतरते आणि गवताआडून चालत चालत घरी जाते, म्हणजे वरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. तो माझ्याशेजारी बसून मोठ्याने म्हणाला, "एवढ्याशा पाखराला जे कळतं, ते मला कळू नये!"

त्याने मला घरट्यापासून बरोबर बारा पावलांवर रोवलं. माझ्यापासून पूर्वेच्या मोठ्या दगडाकडे तोंड करून बारा पावलं टाकली की घरटं. माझ्या डोक्यावर त्याने खिळेही ठोकले, म्हणजे कावळ्याला बसता येऊ नये. मला दुखलं, पण मी कुरकुर केली नाही. ही बारा पावलं त्याने फक्त आपल्या वहीत लिहिली. "जितक्या कमी जणांना कळेल तितकं बरं," असं तो पुटपुटला. काकूंना सांगितलं नाही, पैलवानालाही नाही. कापणीच्या दिवशी तो स्वतः घरट्यापाशी उभा राहणार होता.

आणि खरंच, सगळं छान चाललं होतं. कावळे वरून जात, पण त्यांना काही दिसत नसे. तीन पिल्लं बाहेर आली. आईबाप चोचीत किडे घेऊन दिवसभर ये-जा करायचे. मोजणीदार बांधावरून दिवस मोजायचा. पिल्लं पाच दिवसांची झाली होती. अजून पाच दिवस गेले असते, तर ती आपल्या पायांनी घरट्याबाहेर पडली असती. कापणीला पंधरा दिवस होते.

मोजणीदाराच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. शस्त्रक्रियेची तारीख आधीच ठरलेली होती. तो पुढे ढकलायला बघत होता, पण काकूंनी ऐकलं नाही. "डोळे धड असतील तरच पिल्लं उडताना दिसतील ना! दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," असं म्हणून त्या त्याला शहरात घेऊन गेल्या. जाताना तो माझ्यापाशी येऊन थांबला होता, म्हणून हे मला ठाऊक आहे.

दुसऱ्याच दिवशी सकाळी आभाळ भरून आलं. एकदा पाऊस लागला की कुरणात चिखल होऊन ट्रॅक्टर आत जात नाही. डेअरीच्या मालकाने पैलवानाला सांगितलं, आजच कापून टाक. पैलवान ट्रॅक्टर घेऊन आला. पण तो आधी खाली उतरला, माझ्यापाशी आला आणि त्याने मोबाइल काढला.

"काकू, मी बोलतोय. काकांना आत नेलंय का? बरं, बरं, फोन देऊ नका त्यांना. एवढंच विचारायचं होतं. आज कापावं लागतंय, ढग आलेत. घरटं काठीपाशीच आहे ना? ... हो ना, गेल्या साली तसंच होतं. ... नाही नाही, मोठं सोडतो. तुम्ही बिनघोर राहा."

मित्रांनो, मला त्या वेळी तोंड असतं तर! मी आतल्या आत किंचाळत होते. अरे बाबा, माझ्यापाशी काही नाही. दगडाकडे जा, बारा पावलं मोज. पण मी लाकूड. मला जिथे उभं करतील तिथे मी उभी राहते आणि लोक माझ्यावर विश्वास ठेवतात.

त्याने यंत्र सुरू केलं. तो माझ्याभोवती इतक्या जपून वळला की बघत राहावं. शीळ घालत होता. प्रत्येक फेरीला मान वाकवून बघायचा, एकही पातं चुकून कापलं जात नाही ना. मग तो दगडाच्या बाजूला गेला. गार वारा सुटला होता, म्हणून मादी पिल्लांना पोटाखाली घेऊन बसली होती. ती उडाली असती तर निदान ती वाचली असती. पण चंडोल मादीला संकटात एकच गोष्ट येते, न हलता बसून राहणं. ती हलली नाही.

काम संपल्यावर पैलवानाने माझ्याभोवतीच्या गवताच्या गोलाचा फोटो काढला. माझ्या अंगावर थाप मारून म्हणाला, "काका खूश होणार बघ." नंतर नर चंडोल चोचीत किडा घेऊन आला. नेहमीसारखा लांब उतरला आणि कापलेल्या गवतातून चालत गेला. तिथे पोचून इकडेतिकडे बघू लागला. किडा चोचीतच होता. संध्याकाळपर्यंत तो सात वेळा तसाच आला.

तिसऱ्या दिवशी मोजणीदार डोळ्यावर पट्टी बांधून आला. बरोबर काकू आणि पैलवान.

"काका, सात पावलं सोडलीत, सात!" पैलवान म्हणाला.

मोजणीदार माझ्याकडे पाठ करून दगडाच्या दिशेने चालायला लागला. मोठ्याने मोजत होता. सात पावलांवर गवत संपलं. बाराव्या पावलावर तो गुडघ्यांवर बसला आणि सुकलेलं गवत हातांनी बाजूला करू लागला.

"काका, काही हरवलंय का?"

"घरटं इथे होतं."

"इथे कसं? काठी तर तिकडे आहे."

"काठी मुद्दाम लांब रोवली होती. कावळ्याला कळू नये म्हणून."

पैलवानाचा चेहरा खर्रकन उतरला. "मग मला सांगायचं ना हो! मी अख्खा कोपरा सोडला असता. मालकाशी भांडलो असतो." तो तिथेच खाली बसला. "पिल्लं वाचवतोय म्हणून मी शीळ घालत होतो हो काका." आणि तो मोठा माणूस लहान मुलासारखा रडायला लागला.

"मीच त्याला काठीभोवती सोड म्हणाले," काकू म्हणाल्या. "अहो, मला तरी सांगायचंत. मी काय कावळ्याला जाऊन सांगणार होते?"

"कमी जणांना कळावं, म्हणून..." मोजणीदार म्हणाला.

तो मोसम संपेपर्यंत मी त्या गोलात उभी होते. कोणाला मला उपटायचा धीर झाला नाही. फिरायला येणारे लोक मला बघून आवाज खाली आणायचे. आया मुलांना म्हणायच्या, "हळू, इथे घरटं आहे." मुलं चवड्यांवर चालायची. मला इतका मान आयुष्यात कधी मिळाला नव्हता आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती. त्या गोलात गवताखेरीज काही नव्हतं. पुढच्या मोसमात नर एकटाच आला, चार दिवस गायला आणि निघून गेला. त्यानंतर त्या कुरणात चंडोल आलेला नाही.

मित्रांनो, फिरायला गेलात आणि गवतात एखादं घरटं दिसलं, तर हात लावू नका. एकाच वाटेने रोज रोज बघायला जाऊ नका. जवळ खूण तर मुळीच करू नका. आणि लांब खूण केलीत, तर एवढं करून घरी जाऊन स्वस्थ बसू नका. ज्याच्या हातात कापायचं यंत्र आहे त्याला गाठा, बांधावर उभं करा, बोट दाखवून सांगा की घरटं अमुक ठिकाणी आहे. त्याच्या घरच्यांनाही सांगा, तुमच्या घरच्यांनाही सांगा. मला त्या दिवशी एक शब्द बोलता आला असता, तर चार जीव वाचले असते. मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.