वॉर्डातलं पातळ

गोजरबाईने बाज अंगणात आडवी पाडली आणि सांध्यासांध्यात उकळतं पाणी ओतायला सुरुवात केली. पाण्याबरोबर ढेकूण बाहेर पडत होते, बारके, फुगलेले, काही अजून पाय हलवणारे. चपलेने ते चिरडताना तिला मोठं समाधान वाटत होतं. शेजारच्या सिंधुबाईच्या ओट्यावर बसलेली गोजरबाईची लेक तेजश्री हे सगळं बघत होती. तिला आठवा महिना लागला होता, आणि दोन्ही दंडांवर लाल गांध्या उठल्या होत्या.

"आई, गेल्या आयतवारी बी असंच केलं हुतंस."

"मग कमी झालं हुतं का न्हाय?"

"दोन दिस," तेजश्री म्हणाली आणि दंड खाजवू लागली.

तिचं खोटं नव्हतं. गोजरबाईने करायचं ठेवलं काय होतं? वाकळा उन्हात तापवल्या, भिंतीच्या भेगा चुन्याने बुजवल्या, बाजेच्या पायांखाली रॉकेलच्या वाट्या ठेवल्या. बाजारातून आणलेली पावडर इतकी फवारली की माणसांना खोकला लागला आणि ढेकूण ठणठणीत राहिले. सिंधुबाईची आणि तिची भिंत एकच. पण सिंधुबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, आमच्याकडं कधी एक दिसला न्हाय बया. आणि दर रविवारी तिच्याही वाकळा गुपचूप पत्र्यावर वाळत पडायच्या.

गोजरबाई इंदापुरातल्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होती. नवरा साहेबराव गेल्यापासून, म्हणजे अठरा वर्षं. मूल डॉक्टरीणबाई बाहेर काढायच्या, पण ते पहिल्यांदा पडायचं गोजरबाईच्या हातात. पुसायचं, गुंडाळायचं, आईच्या कुशीत द्यायचं. बाजारात कुणी पोरगं दंगा करताना दिसलं की ती म्हणायची, ह्याला पयलं म्याच धरलंय. बढाई होती, पण खरी होती. त्यामुळं लेकीला दिवस गेले तेव्हा तिने मनाशी पक्कं केलं होतं की पहिलं बाळंतपण माहेरी, आपल्याच वॉर्डात, आणि नातवंड पहिल्यांदा आपल्याच हातात. आयुष्यात तिने दुसरं काही फारसं मागितलं नव्हतं.

मार्चमध्ये विहीणबाई ओटी भरायला बारामतीहून आल्या. ताईबाई म्हणजे टापटिपीची बाई. मुलगा रविंद्र कंपनीत, घर कॉलनीत, घरात फरशी. गोजरबाईने सिंधुबाईकडून खुर्ची मागून आणली होती. बाजेवर पेटीतली धुतलेली पांढरी चादर अंथरली होती. पांढरी, कारण वॉर्डात पांढरीच घालतात, आणि तिच्या हाताला तीच सवय. नक्षीची घातली असती तर कदाचित काही दिसलंही नसतं.

ताईबाई खुर्ची सोडून सुनेजवळ बाजेवर टेकल्या. ओटी भरून झाली, चहा झाला. मग त्यांच्या मांडीशेजारी त्या पांढऱ्याफेक चादरीवरून एक ढेकूण निवांत चालत निघाला. मागून दुसरा. तिघींनीही पाहिले. ताईबाईंनी कपबशी खाली ठेवली, उठून पातळ झटकलं, सुनेच्या दंडावरची बाही वर सारून बघितली.

"तेजू, बॅग भर," त्या म्हणाल्या. मग गोजरबाईकडं वळल्या. "विहीणबाई, तुमच्यावर राग न्हाय. पण बाळाचं अंग कोवळं असतंय."

 हेच वाक्य गोजरबाई वॉर्डाच्या दारात उभी राहून रोज लोकांना सांगायची आणि मळक्या कपड्यांच्या माणसांना बाहेर काढायची. लेक बॅग भरत होती, आणि आई तिच्या एकेका कपड्याची शिवण उलगडून बघत होती. बाळासाठी शिवलेलं दुपटं तेवढं तिने बॅगेत जाऊ दिलं नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात साहेबरावचा स्मृतिदिन आला. भिंतीवरचा त्याचा फोटो वर्षात याच एका दिवशी खाली यायचा. एरवी गोजरबाई रोज सकाळी पदराने काच पुसायची, पण खिळ्यावरून तो कधी हलवायची नाही. मेणबत्तीपुढं ठेवायला तिने तो काढला, आणि मागचा पुठ्ठा तिच्या हाताखाली वळवळला.

पुठ्ठा काळाभोर झाला होता. अंडी, काती, पिल्लं, मोठे, सगळं कूळच तिथं नांदत होतं. बाजेच्या बरोबर वर. साऱ्या घरावर तिने उकळतं पाणी ओतलं होतं, आणि नवऱ्याला मात्र हात लावला नव्हता. ती मटकन खाली बसली आणि त्याच्यावर चिडली, खरोखर चिडली, जिवंत माणसावर चिडावं तशी. मग पाणी तापवलं. फोटो काचेला चिकटला होता, सुटेना. तेवढा एकच होता. तिने चौकट अंगणात दगडावर ठेवली, डोळे मिटले आणि पातेलं उपडं केलं.

ढेकूण मेले. साहेबरावही पुसला गेला. आणि आठवड्याभरात सिंधुबाईच्या भिंतीकडून नवे आले.

वीस एप्रिलला दवाखान्यात फोन आला. मुलगी झाली होती, बारामतीत, आणि दोघी सुखरूप होत्या. डॉक्टरीणबाईंनी पेढे मागितले. गोजरबाई हसली आणि लेबर रूममध्ये कुणा दुसरीचं मूल पुसायला गेली.

आठ दिवसांनी ती बारामतीला निघाली. जायचं कसं, याचा तिने फार विचार केला होता. घरचं पातळ नेसून जायचं नाही. तिने वॉर्डाच्याच बाथरूममध्ये आंघोळ केली, हिरव्या काठाचं पांढरं वॉर्डातलं पातळ नेसलं, जे कधी घरी गेलंच नव्हतं. नवीन झबलं दुकानातून आणून तसंच कागदात वॉर्डाच्या कपाटात ठेवलं होतं, ते घेतलं. एसटीत ती इंदापूरपासून बारामतीपर्यंत उभ्याने गेली. जागा होती, पण सीटचा तिला भरवसा नव्हता.

दारातच ती ताईबाईंना म्हणाली, "घरचं काय बी आणलं न्हाय. अंगावरचं बी घरचं न्हाय."

ताईबाईंचा चेहरा उतरला. त्या बाजूला झाल्या. पण आत बाळ बघायला आलेली कॉलनीतली एक बाई बसली होती. तिने पांढऱ्या पातळाकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ह्या बाळाला न्हाऊ घालणाऱ्या का? बरं झालं आल्या."

 बाजेवरची तेजश्री उठून बसली, तिने तोंड उघडलं, आणि गोजरबाईने तिच्याकडं नुसतं बघितलं. आपण कोण ते सांगितलं तर हे पातळ का, हेही सांगावं लागणार, आणि मग लेकीच्या घरात ढेकूण हा शब्द येणार.

"व्हय," गोजरबाई म्हणाली. "पाणी तापलंय का?"

ती मोरीत पाटावर पाय पसरून बसली आणि बाळ तिच्या पायांवर आलं. तिने मान सावरली, तेल जिरवलं, कोपराने पाणी पाहिलं आणि ओंजळीने घालू लागली. पोरीच्या सबंध अंगावर कुठंही एक डाग नव्हता. ती आजीकडं बघत राहिली, रडली नाही.

"हात चांगला हाय हो बाईचा," पाहुणी दारातून म्हणाली.

"इंदापूरच्या आहेत," ताईबाई हळूच म्हणाल्या. "अठरा वर्षं हेच करतात."

गोजरबाईने नात पंच्यात गुंडाळली, एकदा छातीशी धरली आणि लेकीकडं दिली. मग पातळ भिजलंय म्हणून पिळायला ती परत मोरीत गेली, आणि पाहुणी जाईपर्यंत पिळत राहिली.