नऊ वर्षांचा नमुना

मित्रांनो, मी कानात घालायच्या थेंबांचा एक जुना छापील खोका आहे. तुमच्या मुठीत मावेन एवढाच. पण मी नेमका कोण, हे ठरवायला शिकल्यासवरल्या माणसांना नऊ वर्षे लागली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काडीचाही आदर नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म एका लहानशा छापखान्यात झाला. छापखान्याची मालकीण, जिला सगळे वहिनी म्हणत, कागद, शाई आणि मजकूर बघायची. तिचा धाकटा दीर यंत्र चालवायचा. पांढऱ्या पुठ्ठ्यावर आधी निळा पट्टा आला, मग काळी अक्षरे उमटली. साच्याने मला कापले, घड्या पाडल्या, कडेला गोंद लावला. आमच्या आधीच्या गठ्ठ्यात 'थेंब' शब्दावरचा अनुस्वार पुसट आला होता. वहिनीने तो सबंध गठ्ठा रद्दीत टाकला आणि दिराची कुरकुर ऐकूनच घेतली नाही.

मग एक दिवस कर खात्याचे निरीक्षक आले. छापील मालावर कर कमी, खोक्यांवर जास्त. त्यांनी मला उचलून नमुना म्हणून पाकिटात घातले.

"हा तर खोका आहे. तुम्ही छपाई म्हणून दाखवलाय."

"अहो, आम्ही छापखानाच चालवतो!" वहिनी म्हणाली.

"ते आम्ही ठरवणार."

आणि बसले ठरवत! दर सुनावणीला नवे साहेब. एकाने मला उलटा धरून वाचल्याचा आव आणला. दुसऱ्याने माझ्यात पेनाची टोपणे टाकली आणि तो मोठा शोध लागल्यासारखा ओरडला, "मावतात की!" तिसऱ्याने शब्दकोशातून 'खोका' शब्दाचा अर्थ खणखणीत आवाजात वाचला आणि दमून चहा मागवला. माझ्यावर काय छापले आहे, हे एकानेही वाचले नाही.

वहिनी पहिली काही वर्षे दर वेळी हात जोडून सांगायची, "साहेब, लवकर काय ते ठरवा. वाढीव कर लावला की माल महाग होतो. गिऱ्हाइकं तुटताहेत." साहेब पुढची तारीख द्यायचे. पुढे दीर दुसरीकडे नोकरीला लागला. ती एकटीच येऊ लागली.

शेवटच्या सुनावणीला तिने टेबलावर दोन कोरे, बंद खोके ठेवले.

"एकात डोळ्याचं औषध आहे, एकात कानाचं. न उघडता सांगा साहेब, तुमच्या डोळ्यात यातलं कुठलं घालू?"

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. "असं कसं सांगणार? वर काही लिहिलेलंच नाही!"

"मी नऊ वर्षं हेच सांगतेय."

पंधरा दिवसांत निकाल लागला. माझ्यातली छपाईच मुख्य, म्हणून मी छापील माल. वहिनी निकालाची प्रत घ्यायला आली, तेव्हा साहेब दान दिल्यासारखे हसले.

"अभिनंदन! आता जोरात कामाला लागा."

"कशावर? यंत्र विकून चार वर्षं झाली."

साहेबांनी दुसरी फाइल पुढे ओढली. वहिनीने मला परत मागितले, तर कारकून मान वर न करता म्हणाला, "नमुना परत मिळत नाही." ती दारापर्यंत गेली, थांबली, मग निघून गेली.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मी कपाटात कोरडा आहे, सुरक्षित आहे, माझा एक कोपराही दुमडलेला नाही. या लोकांनी जपायला नेमके मलाच निवडले. तुम्ही उद्या अशा खुर्चीत बसाल, तेव्हा वस्तूआधी ती करणाऱ्या माणसाकडे बघा. आणि वेळेवर बघा.