दोन बटणांमधली सुरकुती

चुरगळलेल्या कपड्यात मला आजवर कोणी पाहिलेलं नाही, आणि पुढेही पाहणार नाही. तीस वर्षं मी आणि माझ्या नवऱ्याने एका इमारतीच्या जिन्याखाली इस्त्रीचं दुकान चालवलं. मागे एक खोली होती, तिच्यात आम्ही दोघं आणि सासूबाई. मग हे आजारी पडले, मी दवाखान्यात अडकले, दुकान बंद राहिलं. मालकाला तेवढंच निमित्त पुरलं. दुकानाला आणि घराला कुलूप एकच होतं. त्याने ते बदललं आणि दोन्ही एकदम गेली.

पुढे हेही गेले. तेव्हापासून मी आणि सासूबाई दवाखान्याच्या त्याच हॉलमध्ये राहत होतो, जिथे पेशंटचे नातेवाईक झोपतात. नीटनेटक्या माणसाला तिथे कोणी हटकत नाही. ह्यांचे दोन शर्ट आम्ही दोघी वरून चढवायचो. पेशंटसाठीच्या गरम पाण्याच्या नळावर मी स्टीलचा मग भरायची आणि त्याच्या बुडाने ते शर्ट कडक करायची. सकाळी सात वाजता वॉचमन फरशी पुसायला सगळ्यांना बाहेर काढायचा. आम्ही त्याआधीच पिशवी उचलून तयार. कोणी विचारलंच तर उत्तर पाठ होतं.

ते पाठांतरच अंगाशी आलं. एका सकाळी वही घेऊन एक बाई आल्या. जिन्याजवळ झोपणाऱ्या छत्रीवाल्या काकांशी बराच वेळ बोलल्या आणि मग माझ्याकडे वळल्या.

"तुमचं कोण ॲडमिट आहे?"

"मिस्टर. तिसऱ्या मजल्यावर," मी फाडकन सांगितलं.

"लवकर बरे होऊ देत," म्हणाल्या आणि गेल्या.

दुपारी काकांनी माझ्यासमोर चिठ्ठी नाचवली. बाई बेघरांची यादी करत होत्या! यादीतल्यांना सहा महिने खोली, शिवाय कागदपत्रं काढायला आणि काम शोधायला मदत. मी कपाळावर हात मारून घेतला. यादी शुक्रवारी बंद होणार होती. सासूबाईंचे गुडघे त्या फरशीने पार कामातून गेले होते. आणखी एक हिवाळा त्यांना तिथे निघाला नसता.

"मळके कपडे घालून जाऊ," सासूबाई म्हणाल्या. "केस विस्कटू. तू थोडी रड."

"रडायचं ते रडून झालंय, आई. आणि मळके कपडे आणू कुठून?"

शुक्रवारी पाहते तर त्यांनी शर्ट अंगाखाली घेऊन मुद्दाम चुरगळून ठेवलेला. मी तो काढायला लावला आणि पुन्हा मग फिरवला. घर गेलं होतं, माझे हात गेले नव्हते.

चिठ्ठीवरच्या कार्यालयात साहेबांच्या शेजारी वहीवाल्या बाई बसल्या होत्या. "यांचे मिस्टर ॲडमिट आहेत," त्या म्हणाल्या. "मी स्वतः विचारलं होतं."

"नाहीत," मी म्हणाले. "पाच महिन्यांपूर्वी गेले." हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होते. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. मृत्यूचा दाखला मी टेबलावर ठेवला.

"वाईट झालं," साहेब म्हणाले. "पण घर नाही हे कशावरून? कडक इस्त्रीत आला आहात."

माझ्या कामावर कोणी बोट ठेवलं की माझं डोकं फिरतं. मी सरळ टेबलाला वळसा घालून त्यांच्यासमोर उभी राहिले.

"नीट बघा, साहेब. बाह्या कडक, कॉलर कडक. आता बटणांच्या मध्ये बघा."

प्रत्येक दोन बटणांमध्ये बारीक सुरकुती होती.

"इस्त्रीला टोक असतं, ते इथे शिरतं. मगाला टोक नसतं." मी पिशवीतून मग काढून टेबलावर आपटला. "तीस वर्षांत असा शर्ट मी एकाही गिऱ्हाइकाला दिलेला नाही. इस्त्रीचा प्लग लावायला माझी एक भिंत असती, तर हा अंगावर घालून मी बाहेर पडले असते का? गरम पाणी मागवा, तुमच्या बाह्या करून देते. त्यांना गरज आहे."

बाईंना हसू आवरेना. साहेबांनी आधी स्वतःच्या बाहीकडे पाहिलं, मग माझ्या बटणपट्टीकडे बराच वेळ. मग वही पुढे ओढली.

"नावं सांगा. दोघींची."

सोमवारी खोली मिळाली. एक खिडकी, दोन खाटा आणि भिंतीत प्लग. बाईंनी कुठून तरी जुनी इस्त्री आणून दिली. दुसरं काहीही लावायच्या आधी मी दोन्ही शर्टांच्या बटणांमधून तिचं टोक फिरवलं. जीव भांड्यात पडला.

मंगळवारी सकाळी जाग आली तर सासूबाई कडक शर्ट घालून, पिशवी घेऊन दाराशी उभ्या.

"चल गं. सात वाजले."

"आई, इथली फरशी आपणच पुसायची. कधी, ते आपण ठरवू."

त्यांनी खाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग मी पडू का जरा?"

"पडा की."

पिशवी खाली ठेवून त्या तशाच आडव्या झाल्या आणि चांगल्या दहापर्यंत झोपल्या. लेकाच्या शर्टाचा पार बोळा झाला. मी शेजारी बसून बघत राहिले. म्हटलं, होऊ दे.