आठ रिकामी घरे

आत्याबाईंचा शब्द घरात कुणी खाली पडू देत नसे. पण स्वरलिपीतली, तालाच्या रेघांनी आखलेली आठ घरे त्यांच्याशी उभा दावा मांडून बसली होती. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका सिंफनीची, आजच्या वाद्यवृंदाला वाजवता येईल अशी नवी प्रत त्या सिद्ध करत होत्या. रचनाकाराच्या हस्तलिखितात, संगीत ऐन भरात असताना, हॉर्न हे पितळी फुंकवाद्य आठ घरे गप्प होते. आत्याबाईंच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, काढलेल्या छापील प्रतीत मात्र तिथे हॉर्नची खणखणीत धून होती. ती दादांनी स्वतः रचलेली. त्यांचे नाव टिकले होते ते तिच्यावरच.

दादा सांगत, "त्या काळच्या हॉर्नला चाव्या नव्हत्या. पट्टी बदलायची तर नळी काढून दुसरी बसवावी लागे. बिचारा गप्प राहिला तो नाइलाजाने."

पण नाइलाज चांगला आठ घरांचा? हा प्रश्न काही पाठ सोडेना. अखेर आत्याबाईंनी हॉर्न वाजवणाऱ्या भाचीला जुने वाद्य घेऊन बोलावले.

"बाकीचं मी पियानोवर वाजवते. तू नळी बदल आणि झालं की सांग."

"घाईत पायावर पडली तर?"

"पाय दोन आहेत, नळी एकच. नळी सांभाळ."

भाचीने नळी उपसली, दुसरी खोचली. "झालं."

चौथे घर जेमतेम सुरू झाले होते.

"उरलेल्या घरांत मी काय करू, आत्या?"

"त्याने लिहिलंय तेच. गप्प राहा."

आत्याबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. भाची मान तिरकी करून ऐकू लागली.

"आत्या, बसून ऐकू येतंय."

"उभ्याने ऐक, तरी येईल."

"अगं, बसून म्हणजे वाद्य. त्याची ओळ तुझ्या डाव्या हातात आहे."

डावा हात जागीच थांबला. त्या लाकडी वाद्याची ही ओळ त्यांनी अनेकदा तपासली होती. पण दादांच्या हॉर्नखाली तिचा तो खट्याळ, घोगरा सूर कधी कानी पडलाच नव्हता. नळीला तीन घरे पुरत होती. उरलेली पाच रचनाकाराने आपखुशीने मोकळी सोडली होती.

"आजोबांची धून काढणार तू?" भाचीने हळूच विचारले.

आत्याबाईंनी बराच वेळ चष्मा पुसला. मग पेन्सिल घेऊन आठही घरांत विरामाची खूण केली.

"दादांना घराबाहेर काढायची माझी छाती नाही. खाली तळटीपेत जातील, बारीक अक्षरांत," त्या म्हणाल्या. "तिथे बसून त्यांनाही ऐकू येईल."